पायाची पोच

व्यायामवालीने अण्णांच्या गुडघ्याखालची उशी ओढून काढली, आणि ती पाठ वळवते न वळवते तोच अण्णांनी ती परत गुडघ्याखाली सारली. तिने पुन्हा काढली. अण्णांनी उशीचं दुसरं टोक घट्ट धरलं. सत्तरी ओलांडलेला माणूस आणि पंचविशीची मुलगी एका उशीसाठी ओढाताण करताहेत, हे बघून समोरच्या खाटेवरच्या पेशंटने जेवणाचा डबा बाजूला ठेवला आणि तो मजा बघू लागला.

"आजोबा, चौथा दिवस आहे," ती म्हणाली. "गुडघा असाच वाकून आखडला तर पुढे नकली पाय बसायचा नाही. मग मला बोल लावायचा नाही."

"आधी खऱ्याचं सांगा," अण्णा छताकडे बघत म्हणाले. "तो कुठे आहे?"

व्यायामवालीने ताईकडे पाहिलं. ताई खिडकीशी उभी राहून, आधीच घडी केलेल्या टॉवेलची पुन्हा घडी घालत होती. ती अण्णांची थोरली लेक. धाकटी भावंडं कधीच लांब गेली होती, पण घरात तिला अजून सगळे ताईच म्हणत, अण्णासुद्धा. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेमला बसवायचं तिचं काम. आठवड्याभराची रजा काढून ती इथे बसली होती.

सोमवारी अण्णांचा उजवा पाय गुडघ्याच्या खाली वीतभर अंतरावर कापला होता. साखरेने बोटं काळी पडली, तिथून विष वर चढलं, ताप उतरेना, आणि मग डॉक्टरांपुढे दुसरा इलाज उरला नाही. ऑपरेशन चांगलं झालं. जखम सुकत होती, तापही उतरला होता. फक्त अण्णा काही म्हणता काही करायला तयार नव्हते. बसायचं नाही, उभं राहायचं नाही, व्यायाम करायचा नाही. शुद्धीवर आल्यापासून त्यांचं एकच पालुपद होतं. माझा पाय कुठे गेला?

सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, औषधांची गुंगी असेल. मग वाटलं, मनाला लागलंय, होईल हळूहळू. ताईला मात्र पहिल्याच दिवशी कळलं की ही गुंगी नव्हे. अण्णांनी चौतीस वर्षं पोस्टाच्या पार्सल विभागात काढली होती. त्यांच्या हातून एकही पार्सल गहाळ झालं नाही, हे ते पाहुण्यांना चहाच्या आधी सांगत. दुसऱ्यांकडून गहाळ झालेल्या पार्सलांच्या मागावर त्यांनी लावलेल्या चौकशांच्या गोष्टी ऐकतच ताई मोठी झाली होती. कुणी म्हणालं की पाठवलंय, की अण्णांचा पुढचा प्रश्न ठरलेला असे, पोच कुठे आहे? माणूस घरी सुखरूप पोचला तरी त्याने तसं कळवलं नाही तर तो पोचला असं अण्णा मानत नसत. ताईची आई होती तेव्हा यावरून रोज एकदा तरी वाजायचं.

"लोक काय वाट्टेल ते सांगतात," व्यायामवाली गेल्यावर अण्णा हळू आवाजात म्हणाले. "दवाखान्यांच्या मागे कुत्री फिरतात म्हणे. यांनी काय कुठे फेकलंय कुणाला ठाऊक. सत्तर वर्षं वागवला मी तो पाय, ताई. कुठे पडलाय तेवढं कळू दे. मग तुम्ही म्हणाल ते करतो."

त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. सोमवारपासून ते तिच्याकडे धड बघतच नव्हते, आणि का बघत नाहीत हे तिला पक्कं माहीत होतं. ऑपरेशनच्या कागदावर सही तिची होती. डॉक्टर फॉर्म घेऊन आले तेव्हा अण्णा तापात डोळे मिटून पडले होते. ते सही करायच्या अवस्थेत नाहीत, उशीर करून चालणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून तिने सही केली. पेन आधी उमटेना, मग तिने तीच सही पुन्हा गिरवली. बापाचा पाय कापा असं तिने दोनदा लिहून दिलं होतं, आणि तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. अण्णा पायाचं विचारत तेव्हा तिला ते सरळ आपल्यालाच विचारल्यासारखं वाटे. काय केलंस माझ्या पायाचं?

ती उठून खाली ऑफिसात गेली.

ऑफिसातला कारकून भला माणूस होता. त्याने खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि संगणकात बघून सांगितलं की सगळं नियमाप्रमाणे झालंय. शरीराचा कापलेला भाग पिवळ्या पिशवीत जातो. पिशवीवर बारकोड असतो, पिशवी बंद झाली की पुन्हा उघडत नाहीत, गाडी येते, गावाबाहेरच्या भट्टीत जाळतात. अठ्ठेचाळीस तासांच्या वर काही ठेवायची परवानगीच नाही, सरकारच्या प्रदूषण मंडळाचं लक्ष असतं. सोमवारी ऑपरेशन थिएटरमधून अकरा पिवळ्या पिशव्या खाली आल्या होत्या. तो इतक्या खात्रीने बोलला की ताईचा जीव भांड्यात पडला. ती दोन दोन पायऱ्या चढत वर आली आणि अण्णांना शब्दन् शब्द सांगितला.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

"खाली आल्या अकरा," ते म्हणाले. "गाडीत किती चढल्या?"

ताईने हे विचारलंच नव्हतं.

"ठोकचं विचारायचं नाही गं कधी. नगाचं विचारायचं. ठोकात सगळं बरोबरच असतं."

रात्रभर त्यांना कापलेल्या पायाच्या अंगठ्याला खाज सुटत होती. व्यायामवालीने सांगितलं होतं की असं होतं, पाय नसला तरी मेंदूला वाटतं की आहे. सकाळी ताईने विचारपूस केली तेव्हा अण्णा म्हणाले की पत्ता बदललाय, पण टपाल अजून जुन्याच पत्त्यावर येतंय. समोरच्या खाटेवरचा पेशंट पोट धरून हसला. ताईलाही हसू आलं, पण लगेच तिचे डोळे भरून आले आणि ती थर्मास घेऊन बाहेर पडली.

कचऱ्याची खोली इस्पितळाच्या मागच्या बाजूला, जनरेटरच्या पलीकडे होती. तिला कुलूपबंद लोखंडी दार होतं आणि दारावर धोक्याची खूण. आत पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या पिंपांची रांग, भिंतीशी वजनकाटा आणि कोपऱ्यात घरघरणारा एक जुना डीप फ्रीझर. फिनेलच्या वासाने नाक झोंबत होतं, पण खोली ताईच्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ होती. तिथे कोपरापर्यंत हातमोजे चढवलेली एक ठेंगणी बाई फरशी पुसत होती. इस्पितळात आया, कामवाल्या सगळ्यांनाच मावशी म्हणतात; पण नुसतं 'मावशी' म्हटलं की ती हीच, कचऱ्याच्या खोलीची मालकीण. बावीस वर्षं तिने हे काम केलं होतं. कुठल्या वॉर्डातली सिस्टर आळशी आहे आणि कुठला डॉक्टर सुई भलत्या डब्यात टाकतो, हे तिला पिशव्या बघून कळायचं.

"आत यायचं नाही बाई," मावशी म्हणाली. "काय हवंय?"

ताईने सांगितलं. सोमवारचं ऑपरेशन, उजवा पाय, गुडघ्याखाली. सोमवारी खाली आल्या अकरा. गाडीत किती चढल्या?

मावशीने फडका बादलीत टाकला. तो पिळायला तिने जरा जास्तच वेळ घेतला. मग कारकुनाचीच टेप वाजवल्यासारखं तिने सगळं म्हणून दाखवलं. पिवळी पिशवी, बारकोड, गाडी, भट्टी. पण म्हणताना ती ताईकडे बघत नव्हती, आणि ताईला ते न बघणं चार दिवसांत चांगलं ओळखू यायला लागलं होतं.

"मावशी, मला तक्रार करायची नाही," ती म्हणाली. "माझे वडील उठून बसत नाहीयेत. त्यांना पाय कुठे आहे तेवढंच हवंय. काहीही असलं तरी सांगा."

मावशीने हातमोजे काढले, बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि पायरीवर बसली.

"इथेच आहे," ती म्हणाली.

ताईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"फ्रीझरमध्ये. सोमवारपासून. दहाच चढल्या गाडीत. माझ्यावर ओरडा हवं तर, पण आधी ऐका."

झालं होतं असं. थिएटरमध्ये एक नवी सिस्टर होती. पिशवी बांधताना तिच्या मनात आलं की एवढी सत्तर वर्षं चाललेला पाय, तो नुसत्या काळ्या रेघांच्या चिठ्ठीवर कसा पाठवायचा? निदान माणसाचं नाव तरी हवं. म्हणून तिने बारकोडऐवजी अण्णांच्या नावाची चिठ्ठी पिशवीवर चिकटवली, वर छानशा अक्षरात वय आणि वॉर्ड लिहिला. पोरीच्या मनात वावगं काही नव्हतं. पण पिशवीवर पेशंटचं नाव चालत नाही, आणि बारकोडशिवाय तर काहीच चालत नाही. संध्याकाळी गाडी आली. ड्रायव्हरने पिशवीवरून मशीन फिरवलं, ते वाजेना. त्याने हात वर केले. न वाजलेली पिशवी मी भट्टीवर नेली तर माझी नोकरी जाईल, तो म्हणाला, आणि पिशवी परत मावशीच्या हातात आली. बंद पिशवी उघडायची नाही. दुसऱ्या वॉर्डाची चिठ्ठी डकवणं म्हणजे खोटेपणा. थिएटरची चिठ्ठी मागावी तर वर सांगावं लागणार, आणि वर सांगितलं की त्या पोरीवर येणार. खोलीचे साहेब रजेवर. आज बघू, उद्या बघू करता करता अठ्ठेचाळीस तास उलटून गेले, आणि मग तर सांगायची कुणाचीच छाती होईना.

"आता मंडळाला कळलं की इस्पितळाला टाळं," मावशी म्हणाली. "आणि त्याआधी मला. दोन वर्षं राहिलीत माझी. रोज सकाळी येते, फ्रीझर उघडून बघते, आणि पुन्हा लावते. झोप नाही हो मला."

ताईला राग यायला हवा होता. तो आलाही, पण पायरीवर बसलेल्या त्या बाईचे फिनेलने पांढरे पडलेले हात बघून तो कुठे तरी अडला. त्याच्या मागून जे आलं ते तिचं तिलाच पटेना. ती सुटकाच होती. पाय उकिरड्यात नव्हता. कुत्र्यांनी नेला नव्हता. तो दहा पावलांवर, कुलपात, अण्णांच्या नावानिशी होता. आणि चार दिवस न झोपलेलं आपल्यासारखं आणखी कुणीतरी याच इमारतीत होतं.

ती मावशीच्या शेजारी पायरीवर टेकली. खरं तर अण्णांना खोटं सांगणं सोपं होतं. गेला, जळला, पोच यायचीय म्हणायचं आणि दिवस ढकलायचे. पण अण्णांपुढे असलं टिकत नसे. त्यांनी पोचेवरची तारीख पाहिलीच असती.

"मंडळात जाऊन सांगू या," ती म्हणाली.

"आपल्या पायाने?" मावशी म्हणाली, आणि लगेच जीभ चावली.

शनिवारी दुपारी दोघी मिळून मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी आधी कपाळाला हात लावला. मग त्यांनी नव्या सिस्टरला बोलावलं. ती उभी राहिल्या राहिल्या रडायला लागली, आणि त्यावर तिला रागावणं त्यांना जमलं नाही. पेशंटची लेक तक्रार घेऊन नव्हे तर मदतीला आलीय, हे त्यांच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. शिरल्यावर मात्र त्यांनी स्वतः बसून पत्र लिहिलं. काय झालं, कधी झालं, कुणाकडून झालं, पिशवी कशी ठेवली. आडपडदा न ठेवता एका पानात सगळं आलं. रविवारी मंडळाची कचेरी बंद होती. तो रविवार मावशीने आणि ताईने कसा काढला ते त्या दोघींनाच ठाऊक. अण्णांना ताईने इतकंच सांगितलं की माग लागलाय. अण्णांनी मान हलवली आणि उशी गुडघ्याखाली नीट सरकवली.

सोमवारी सकाळी साडेदहाला त्या मंडळाच्या कचेरीत बाकावर बसल्या होत्या. मावशीने ठेवणीतली साडी नेसली होती आणि पत्राचं पाकीट दोन्ही हातांनी धरलं होतं. भिंतीवर पिंपांच्या रंगांचा मोठा तक्ता होता. तो मावशीला तोंडपाठ, तरी ती परीक्षेला बसल्यासारखी पुन्हा पुन्हा वाचत होती.

आतल्या मॅडम ताईच्याच वयाच्या निघाल्या. टेबलावर फायलींचा ढीग, आणि त्या ढिगाआडून फक्त त्यांचा चष्मा दिसत होता. चष्म्याची डावी काच किंचित तिरकी बसलीय, हे ताईला तशातही जाणवलं. मॅडमनी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी शिक्के मारत होतं. मावशीचा श्वास ताईला ऐकू येत होता.

"पिशवी उघडली का मध्ये?" मॅडमनी विचारलं.

"नाही," मावशी म्हणाली. मग मान हलवून तिने पुन्हा नाही म्हटलं.

"फ्रीझर बंद पडला होता का? लाइट गेली वगैरे?"

"जनरेटरवर आहे. मी रोज बघते. थंडीचा काटा लिहून ठेवलाय दाराच्या आत, खडूने."

"रोज?"

"दोनदा."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आता ओरडणार, असं दोघींनाही वाटलं.

"अहो, मग एवढं घाबरलात कशाला? उशीर झाला तर काय करायचं तेही लिहिलंय नियमात. नीट ठेवायचं, आणि का उशीर झाला ते आम्हाला कळवायचं. लोक नेमकं तेवढंच करत नाहीत. नदीत टाकतात, खड्डा खणतात, दुसऱ्याच्या पिशवीत कोंबतात. मी इथे नऊ वर्षं आहे. स्वतःहून सांगायला आलेल्या तुम्ही पहिल्याच."

त्यांनी समज देणारी दोन वाक्यं इस्पितळाच्या नावाने लिहिली, कारण ती लिहायलाच हवी होती. थिएटरमध्ये सगळ्यांना पुन्हा शिकवा, वर्षाच्या अहवालात हे नमूद करा. मग नवा बारकोड लावून पिशवी पाठवायची परवानगी लिहिली, शिक्का मारला, आणि कागद ताईपुढे सरकवला. नातेवाइकाची हरकत नाही म्हणून खाली सही हवी होती. ताईने पेन घेतलं. क्षणभर तिचा हात जागच्या जागी राहिला. मॅडमना वाटलं पेन चालत नाही, म्हणून त्यांनी दुसरं दिलं. ताईने सही केली. या वेळी ती एकदाच करावी लागली.

"पेशंट कसे आहेत?" मॅडमनी विचारलं.

"पोचेची वाट बघताहेत," ताई म्हणाली.

बाहेर व्हरांड्यात मावशी पाठोपाठ दोन ग्लास पाणी प्यायली आणि मग तिला हसू फुटलं. हसता हसता ती भिंतीला टेकली. तिने पदराने डोळे पुसले, म्हणाली की आठवडाभर मी मनातल्या मनात तुरुंगात जाऊन आले, आणि पुन्हा हसू लागली. कचेरीतली माणसं वळून बघत होती. ताईलाही ते हसू लागलं.

मंगळवारी सकाळी दहाला गाडी आली. नव्या सिस्टरने स्वतः खाली येऊन बारकोडची चिठ्ठी लावली. खालच्या नावाचं काय करायचं हे तिला कळेना. मावशीने सांगितलं तशी तिने चिठ्ठी नावावरच डकवली आणि कडा अंगठ्याने दाबून बसवल्या. ताईला खोलीत जायची परवानगी नव्हती. ती जनरेटरपाशी उभी राहिली. पिशवी तिला वाटली होती तेवढी मोठी नव्हती. ड्रायव्हरने मशीन फिरवलं आणि ते वाजलं. एवढ्याशा आवाजाने मावशी, सिस्टर आणि ताई तिघींनी एकदम श्वास सोडला. बाकीची पिंपं ड्रायव्हरने खेचत नेली. या पिशवीला मात्र मावशीने त्याला हात लावू दिला नाही. तिने स्वतः दोन्ही हातांत धरून ती गाडीत ठेवली.

पोच अडीच वाजता आली. कारकुनाने ती छापून दिली आणि ताईने ती घडी न घालता वर नेली.

अण्णांनी चष्मा लावला. चौतीस वर्षांच्या सवयीने त्यांनी कागद आधी खालून उजवीकडून वाचायला घेतला, शिक्क्यापासून. मग तारीख, मग गाडीचा नंबर, मग पिशवीचा. भट्टीवर पोचल्याची वेळ, जाळल्याची वेळ. वजनाच्या रकान्याशी ते थांबले.

"तीन किलो आठशे," ते म्हणाले. "एवढाच होता?"

"एवढाच."

"आजची तारीख आहे."

ताईने सगळं सांगितलं. खुर्ची ओढून बसली आणि पहिल्यापासून सांगितलं. सिस्टर, नावाची चिठ्ठी, न वाजलेलं मशीन, फ्रीझर, खडूने लिहिलेला काटा, मंडळाच्या मॅडम. काही वगळलं नाही. अण्णा आता भडकतील, चौकशी लावतील, वरच्यांना पत्र लिहीन म्हणतील, याची तिने तयारी ठेवली होती. अण्णांनी फक्त एक प्रश्न विचारला.

"माझं नाव लिहिलं होतं पिशवीवर?"

"हो. वय, वॉर्ड, सगळं. छान अक्षरात."

"नियमात बसत नाही ते."

"नाही बसत."

अण्णांनी कागद छातीवर ठेवला. समोरच्या पेशंटने उगाच कूस बदलली. मग अण्णांनी विचारलं की ती व्यायामवाली किती वाजता येते. चारला, ताई म्हणाली. येऊ दे, अण्णा म्हणाले, आणि जाताना फ्रीझरवाल्या बाईला सांग, उशिरा पोचलं तरी पार्सल शाबूत पोचलं. ताई हसली. आपलं काम झालं असं तिला वाटलं. तिने चहा आणायला थर्मास उचलला आणि ती दाराकडे वळली.

"ताई."

ती थांबली.

"त्या दिवशी मी जागा होतो."

तिला कळेना कुठल्या दिवशी.

"डॉक्टर कागद घेऊन आले तेव्हा. ताप होता, पण कळत होतं मला सगळं. त्यांनी आधी मलाच हाक मारली. मी डोळे मिटून घेतले." अण्णा छताकडे नाही, तिच्याकडे बघत होते. "मला ती सही झाली नसती गं. म्हटलं, ही करील. तू पेन झटकत होतीस तेही ऐकलं मी. तरी नाही उघडले."

ताई थर्मास धरून उभी होती. एकदम तिला इतका राग आला की कान तापले. आठ दिवस. आठ दिवस ती या माणसाच्या नजरेला घाबरून जगली होती, आणि तो तिच्याच नजरेला घाबरून छताकडे बघत होता. मग तो राग ज्या झपाट्याने आला त्याच झपाट्याने ओसरला. तिला फक्त खूप दमल्यासारखं वाटलं, लांबचा प्रवास करून घरी आल्यासारखं.

"मग इतके दिवस पायाचं काय लावलं होतंत?" ती म्हणाली.

"त्याची चौकशी करता येत होती," अण्णा म्हणाले.

ताईने थर्मास खाली ठेवला. ती पलंगापाशी आली आणि काय करावं ते न सुचून नुसती उभी राहिली. पलंगाच्या उजव्या बाजूला, पायथ्याशी, चादर सपाट पडली होती. ऑपरेशन झाल्यापासून ती त्या बाजूला कधी गेली नव्हती. खुर्चीसुद्धा डावीकडेच ठेवायची. अण्णांनी हाताने तिथली चादर नीट केली.

"बस की," ते म्हणाले. "जागा आहे."

ती बसली.